रिस्पेजवळ कोण बसले?

(वाचन : २ शमुवेल, अध्याय २१)

शौल राजाची उपपत्नी रिस्पा हिची हकीकत आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचली जाते, व वाचली तरी तीवर उपदेश करण्यास फारसे कोणी धजत नाही. देशात तीन वर्षे दुष्काळ पडला होता. शौलाने गिबोनी लोकांवर केलेल्या जुलमाची भरपाई म्हणून त्याच्या घराण्यातील सात पुरुष त्यांच्या हवाली करण्यात आले, आणि सातूच्या कापणीच्या आरंभी त्या सातांस डोंगरावर फाशी देण्यात आले. त्यांत रिस्पेचे दोन पुत्र होते. तिने गोणपाट घेऊन खडकावर पसरले, आणि कापणीच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत ती तेथून हालली नाही. दिवसा पाखरांस व रात्री वनपशूंस तिने त्या देहांस शिवू दिले नाही. तिच्या तोंडचा एक शब्दही शास्त्रात आलेला नाही. तिच्याजवळ कोणी जाऊन बसले, तिला कोणी भाकर-पाणी नेऊन दिले, असेही लिहिलेले नाही. पुढे ही गोष्ट दावीद राजाच्या कानी गेली, तेव्हा त्याने शौल व योनाथान यांच्या अस्थी आणविल्या, त्या सातांच्याही गोळा करविल्या, व दफनाची व्यवस्था केली. त्या बाईच्या जागरणाने राजा हालला खरा. परंतु राजा हालेपर्यंत ती एकटी होती.

ह्या बाईची आठवण आम्हांस शहरातील रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागाच्या दारात होते. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते दार पाहिले आहे. काचेपलीकडे यंत्रांचे दिवे. अलीकडे बाकावर, बाकाखाली, जिन्याच्या कडेस खेड्यापाड्यांतून आलेली माणसे. पिशवीत आधारकार्ड, रेशनकार्ड व सिटी स्कॅनचे मोठे पाकीट. डब्यात कालची भाकरी. दिवसातून एकदोन वेळा पाच-दहा मिनिटे आत सोडतात. बाकीचा सर्व वेळ दार उघडले की मान वर करावयाची व मिटले की खाली घालावयाची, एवढाच व्यवसाय. आपला उपदेशक तेथे जातो, प्रार्थना करितो, आणि शेवटची एस. टी. चुकू नये म्हणून निघतो. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच करीत आलो.

त्या दारात एक घडी अशी येते की, डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, तुमचा माणूस मेंदूमृत झाला आहे. आणि त्यामागून, त्याचे अवयव दुसऱ्या रोग्यांस द्याल काय, असा प्रश्न घरच्यांस विचारला जातो. त्या घडीस आपण कोठे असावे व काय करावे, याविषयी आज लिहावयाचे आहे. परंतु आधी आमची चूक सांगितली पाहिजे. नाही तर पुढचे सर्व लिहिणे खोटे होईल.

काही वर्षांमागे आमच्या मंडळीतील एका शेतकऱ्याचा बावीस वर्षांचा मुलगा उसाच्या हंगामात रात्री मोटारसायकलीवरून घरी येत होता. रस्त्याच्या कडेस उसाची ट्रॉली उभी होती. तिच्या मागे दिवा नव्हता. मार डोक्यास लागला. तालुक्याच्या गावाहून त्यास रात्रीच शहरात नेले. आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बापास एका बाजूस घेऊन घाईघाईने काही सांगितले. त्यातले "ब्रेन डेड" एवढेच शब्द त्याच्या ध्यानात राहिले, व त्यांचा अर्थ त्याने आम्हांस विचारला. अर्थ आम्हांस ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नाही असे म्हणण्याची लाज वाटली. आम्ही म्हणालो, "म्हणजे फार बेशुद्ध. देवास काही अशक्य नाही." मग आईबरोबर आम्हांस आत सोडले. आम्ही बेथानीच्या लाजाराची कथा वाचली व प्रार्थना करू लागलो. प्रार्थना चालू असता मुलाच्या उजव्या हाताची बोटे हालली. आईने हंबरडा फोडला. आणि आम्ही म्हणालो, "बाई, देव ऐकत आहे."

दुपारी रुग्णालयाच्या समन्वयक बाई आल्या. कायद्याने त्यांस हे काम नेमून दिलेले असते. त्यांनी हळुवारपणे अवयवदानाची गोष्ट काढली. ज्याची बोटे सकाळी हालली त्याचे काळीज ही बाई मागते, असे वाटून बाप त्यांच्या अंगावर धावून गेला. घरच्यांनी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मुलाचे हृदय बंद पडले, व आम्ही त्यास गावी आणून माती दिली.

त्यांनी नाही म्हटले याचे आम्हांस वाईट वाटत नाही. तो त्यांचा अधिकार होता. दुःख निराळेच आहे. आईच्या मनाने घेतले की मुलगा जिवंत होता. मुंबईस नेला असता तर वाचला असता. अर्धा एकर विकला असता तर नेता आला असता. नवऱ्याने तो विकला नाही. तेव्हापासून ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली. एका चुलीवर, एका छपराखाली दोन माणसे तीन वर्षे मुकी राहिली. रविवारी ती देवळात स्त्रियांच्या बाजूस पुढे बसे, तो दाराशी बसे, आणि आम्ही वेदीवरून दोघांकडे पाहात असू.

जे तेव्हा ठाऊक नव्हते ते पुढे आम्ही एका डॉक्टरांजवळ बसून शिकलो. उपदेशक बंधूंनी ते नीट समजून घ्यावे, अशी विनंती आहे.

मेंदूच्या खालच्या अंगास, जेथे तो पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस मिळतो, तेथे देठासारखा एक भाग असतो. त्यास मस्तिष्कस्तंभ म्हणतात. श्वास घेण्याची आज्ञा तेथून सुटते, व मनुष्याचे जागेपणही त्यावर अवलंबून असते. जबर मार लागून किंवा आत रक्तस्राव होऊन मेंदू सुजला, म्हणजे हाडाच्या कवटीत त्या सुजेस पसरावयास जागा मिळत नाही. दाब वाढत जातो, रक्त पोहोचेनासे होते, आणि तो देठ मरतो. पूर्वी असे झाले म्हणजे थोड्याच वेळात श्वास व त्यामागून हृदय थांबे, आणि मरणाविषयी कोणास शंका राहात नसे. पुढे १९५२ साली डेन्मार्क देशातील कोपनहेगन शहरी पोलिओची भयंकर साथ आली. तेव्हा ब्योर्न इब्सेन या डॉक्टरांनी रोग्यांच्या गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालून, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांस पाळीपाळीने रबरी पिशवी दाबावयास बसविले, व अहोरात्र हाताने श्वास चालवून पुष्कळांचे प्राण राखिले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम लोक तेथे मानतात. त्या मोठ्या उपकारामागून एक नवी अवस्था मनुष्याच्या पाहण्यात आली. मेंदू मेलेला आहे, परंतु यंत्र हवा भरीत असल्यामुळे छाती वर-खाली होते. आणि हृदयास ठोके देण्यास मेंदूची आज्ञा लागत नसल्यामुळे, प्राणवायू मिळे तोवर ते काही काळ चालत राहते. १९५९ साली पॅरिसच्या दोन डॉक्टरांनी या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले, व १९६८ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने ती ओळखण्याच्या कसोट्या मांडल्या.

तोडलेले फूल पाण्यात ठेविले तर ते एकदोन दिवस टवटवीत दिसते, परंतु वेलीशी त्याचा संबंध तुटलेला असतो. हा दाखला अपुरा आहे, हे आम्ही जाणतो. कोणा आईस तिचे मूल म्हणजे फूल असे सांगू नये. तो उपदेशकांच्या समजुतीसाठी दिला आहे.

आपल्या देशात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला, व महाराष्ट्रात आणि गोव्यात तो १९९५ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. त्याअन्वये हे मरण एकटा डॉक्टर ठरवू शकत नाही. चौघे लागतात: रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख, उपचार करणारे डॉक्टर, मेंदूचे तज्ज्ञ (ते न मिळाल्यास कायद्याने सांगितलेले अन्य तज्ज्ञ), आणि मान्य यादीतील आणखी एक डॉक्टर. अवयव काढणारे किंवा बसविणारे यांपैकी कोणासही त्या चौघांत बसता येत नाही. प्रथम औषधांच्या गुंगीने किंवा अंग थंड पडल्याने अशी स्थिती आली नाही ना, हे पाहतात. मग डोळ्यांत प्रकाश पाडून बाहुली आकसते की काय हे पाहतात. बुबुळास कापूस लावून पाहतात. कानात बर्फाचे पाणी सोडून डोळे फिरतात का ते पाहतात. नळीने घसा चाळवून खोकला किंवा उमासा येतो का ते पाहतात. वेदना देऊन पाहतात. शेवटी प्राणवायूची नळी तशीच ठेवून यंत्राचा श्वास काही मिनिटे थांबवितात, व छाती आपणहून हालते काय हे उघड्या अंगावर पाहतात. हे सर्व निदान सहा तासांनी पुन्हा एकदा करितात. दोन्ही वेळा काहीच उत्तर आले नाही, म्हणजे मरणाचा दाखला लिहितात. बेशुद्धी निराळी. बेशुद्ध मनुष्याचा मेंदू जिवंत असतो, व त्यातून कित्येक उठतात. वरील सर्व कसोट्यांस उतरलेल्या मेंदूमृत मनुष्याचे परत येणे नाही.

अशी खात्री करून घेण्यात अश्रद्धा आहे, असे कोणी समजू नये. अरिमथाईकर योसेफ प्रभूचे शरीर मागावयास गेला, तेव्हा पिलातानेही आधी शताधिपतीस बोलावून तो खरोखर मेला की नाही हे विचारून घेतले, व मगच शरीर दिले, असे मार्काने लिहिले आहे.

आणि ती बोटे? मेंदू मेला तरी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू काही काळ जिवंत राहतो. त्यामुळे बोट हालते, पाय झटकतो, क्वचित दोन्ही हात उचलून छातीवर येतात. त्यात मनुष्याची इच्छा नसते, वेदना नसते, ओळखही नसते. हात छातीवर येण्याच्या त्या खुणेस डॉक्टर लोक लाजाराची खूण म्हणतात. हे नाव प्रथम ऐकले त्या दिवशी आम्हांस डॉक्टरांपुढे मान वर करवेना. कारण त्या मुलाच्या उशाशी आम्ही काय वाचले होते, हे आम्हांसच ठाऊक होते. घरच्यांस आत सोडण्यापूर्वी ही गोष्ट कोणी तरी सांगून ठेविली पाहिजे. डॉक्टर विसरले तर उपदेशकाने त्यांस आठवण द्यावी.

आता आपल्या कामाविषयी. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, व कोणी एक शब्द बोलला नाही. तेवढ्या सात दिवसांबद्दल त्यांची स्तुतीच केली पाहिजे. तोंड उघडल्यावर ते चुकले. आपण बहुधा आठव्या दिवसापासून आरंभ करितो. घरच्यांजवळ बसणे, रात्री त्यांच्यातील एकास झोपावयास लावून आपण जागणे, चहा आणून देणे, गावाकडून येणारे फोन घेणे, ही सेवा हलकी नव्हे. डॉक्टर बोलावितात तेव्हा घरच्यांबरोबर आत जावे, आणि सर्वांदेखत नम्रपणे विचारावे, "साहेब, यांचा माणूस जिवंत आहे की मरण पावला, हे साध्या मराठीत सांगा." फार गंभीर आहे, आता देवाच्या हाती आहे, अशा अर्धवट शब्दांनी दयाळू डॉक्टर पुष्कळ वेळा घात करितात. आपणही करितो. मरण झाले असेल तर मरण हा शब्द कोणी तरी उच्चारला पाहिजे, व तो कानी पडल्यावर घरच्यांस रडण्यास वेळ मिळाला पाहिजे. अवयवदानाची गोष्ट त्यानंतरची. मरण सांगणे व दान विचारणे ही दोन्ही एकाच दमात झाली, तर आपला माणूस ह्यासाठीच मेला असे ठरविले, असा संशय दुःखी मनात सहज येतो. स्पेन देशाने १९८९ साली यासाठी राष्ट्रीय संस्था उभी केली, व रुग्णालयांत जे समन्वयक नेमले त्यांत अतिदक्षता विभागाचेच डॉक्टर पुष्कळ घेतले. शोकग्रस्त घराशी बोलणे ही शिकावयाची विद्या आहे, असे मानून त्यांस ती शिकविली; आणि दानाच्या बाबतीत तो देश जगात पुढे गेला. आमच्या मते उपदेशकाने दानाचा प्रश्न आपण होऊन काढूच नये. तो समन्वयकांस काढू द्यावा. पाळकाने मागितल्यावर कित्येक भोळी माणसे भीडेने होय म्हणतील, आणि भीडेने दिलेले पुढे छातीवर दगडासारखे बसते.

याच कारणास्तव आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, जरी काही बंधूंस ती रुचणार नाही. प्रभूने आपला प्राण दिला, तर तुम्ही एवढे देणार नाही काय, असा उपदेश त्या बाकावर करू नये. प्रभूने स्वतःचे दिले. येथे आईकडून तिच्या लेकराचे मागावयाचे आहे. गलतीच्या मंडळीतील लोक आपले डोळे काढून पौलास देण्यास तयार होते, अशी साक्ष पौलाने दिली आहे. तेही स्वतःचे डोळे होते. दानावर उपदेश करावयाचा असेल तर तो रविवारी, घरोघर सर्व सुखरूप असता करावा, आणि प्रत्येकाने आपली इच्छा घरच्यांस जिवंतपणी सांगून ठेवावी असे म्हणावे. कारण मयताने कार्ड भरून ठेविले असले तरी आपल्याकडे घरच्यांस विचारल्यावाचून काही करीत नाहीत. आणि "त्याची इच्छा होती" एवढे ठाऊक असले, तर त्यांचे अर्धे ओझे उतरते.

जगातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरी डॉक्टर ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केले, हे पुष्कळांस माहीत आहे. ज्या बापाने होकार दिला त्याची आठवण थोड्यांस आहे. आदल्या दिवशी दुपारी हे कुटुंब वाटेत थांबले असता आई व पंचवीस वर्षांची मुलगी केक घेऊन रस्ता ओलांडीत होत्या. मोटारीने दोघींस उडविले. आई जागच्या जागी गेली. मुलीच्या मेंदूस असा मार लागला होता की इलाज नव्हता. एका दिवसात पत्नी व मुलगी गमावलेल्या त्या मनुष्यापुढे डॉक्टरांनी प्रश्न ठेविला. तो सुमारे चार मिनिटे विचार करीत राहिला. त्या चार मिनिटांत त्याला काय आठवले, ते त्याने पुढे सांगितले आहे: मुलीने त्याच्या वाढदिवसासाठी केलेला केक, आणि तिने आपल्या पहिल्या पगारातून त्यास घेऊन दिलेला अंगरखा. मग तो होय म्हणाला. हृदय ज्या व्यापाऱ्यास बसविले तो अठरा दिवस जगला. मुलीचे एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मुलास दिले. तो मुलगा त्या देशाच्या तेव्हाच्या वर्णभेदी कायद्याप्रमाणे गोऱ्यांच्या शेजारी बाकावर बसण्यास योग्य नव्हता. आम्ही ही हकीकत कोणास होय म्हणावयास लावण्यासाठी सांगत नाही. त्या बापाने चार मिनिटांत धर्मशास्त्र आठविले नाही, मुलगी आठविली. दारात बसलेल्या घरच्यांस त्यांच्या माणसाविषयी बोलू द्यावे. तो कसा होता, त्याला काय आवडे, हे विचारावे. होय किंवा नाही, जे उत्तर असेल ते बहुधा त्या बोलण्यातून आपोआप वर येते.

आपल्या लोकांच्या मनात एक भय असते, ते बोलून दाखवीत नाहीत: पुनरुत्थानाच्या दिवशी तो डोळ्यांवाचून, हृदयावाचून उठेल काय? याला हसू नये. ४१० साली रोम शहर लुटले गेले व कित्येक ख्रिस्ती लोकांची प्रेते दफनावाचून पडली, तेव्हा हाच प्रश्न त्या काळच्या विश्वासणाऱ्यांस पडला होता. आणि हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने उत्तर दिले की, दफन हे मागे राहिलेल्यांच्या समाधानासाठी आहे, मृतांचे त्यावाचून काही अडत नाही. अग्नीत जळालेले रक्तसाक्षी, समुद्रात बुडालेले खलाशी, श्वापदांनी खाल्लेले यांस उठविणारा देव एका मूत्रपिंडापाशी अडणार नाही. पौलाने करिंथच्या मंडळीस पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला आहे. शेतकरी लोकांस तो आमच्यापेक्षा अधिक समजतो. आणि प्रभूच्या पुनरुत्थित देहावर खिळ्यांच्या खुणा होत्या, त्या थोमाने पाहिल्या. तथापि ज्या आईस लेकराचा देह अखंडच मातीला द्यावयाचा आहे, तिच्याशी वाद घालू नये. रिस्पेने काय राखिले होते? देहच राखिले होते. आणि शास्त्राने तिला नावे ठेविली नाहीत.

घरच्यांनी होय म्हटल्यावर आपले काम संपले, असे समजणे ही दुसरी चूक. तीही आमच्या हातून होता होता राहिली. त्या मुलानंतर दोन वर्षांनी आमच्या भागातील एका मास्तरांच्या पत्नीस मेंदूत रक्तस्राव झाला. या वेळी आम्ही पहिल्या दिवसापासून राहिलो, व डॉक्टरांनी दोन्ही तपासण्यांचा अर्थ मास्तरांस बसवून समजाविला. ते व त्यांचे मेहुणे एकमेकांशी बोलून होय म्हणाले. आम्हांस वाटले, आता दोन तासांत गावी निघू. सुमारे वीस तास लागले. रक्ताच्या तपासण्या, विभागाच्या समन्वय केंद्राकडून यादीप्रमाणे रोग्यांची निवड, त्या रोग्यांचे येणे, दुसऱ्या शहरांतून शल्यवैद्यांचे येणे. हृदय शरीराबाहेर सुमारे चार तासच टिकते, मूत्रपिंड त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून आधी सर्व जुळवून मग शस्त्रक्रिया करितात. अपघाताचा मृत्यू असता तर पोलिसांचा पंचनामा व शवविच्छेदन हेही असते. इकडे गावी मांडव पडला, कबर खणून झाली, पाहुणे ताटकळले. फोनवर फोन: "इतका उशीर का?" आणि संध्याकाळी कोणी तरी विचारलेच: "किती लाख ठरले?"

या वीस तासांत मास्तरांस जे लागले ते डॉक्टरांजवळ नव्हते. पत्नी मेली आहे, हे ठाऊक. तिचा हात ऊन आहे, हेही ठाऊक. आणि शस्त्रक्रियेकडे नेताना दाराशी निरोप घ्यावयाचा. समन्वयकांस सांगून आम्ही त्यासाठी दहा मिनिटे मागून घेतली, व त्यांनी ती आनंदाने दिली. मुलांनी आईच्या कपाळास हात लावला. कोणी काही वाचले नाही. गावाकडे आमच्या उपदेशकांनी घरोघर जाऊन खरे काय ते सांगितले: अवयवांचे पैसे घेणे व देणे हा कायद्याने गुन्हा आहे, घरच्यांस छदाम मिळत नाही, २०१४ च्या नियमांप्रमाणे संमतीनंतर देह यंत्रावर सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा व नेण्याचा खर्चही त्यांच्यावर टाकीत नाहीत, मात्र आधीच्या उपचारांचे बिल राहते. दफनाच्या वेळी मास्तरांची परवानगी घेऊन हेच कबरेपाशी दोन वाक्यांत सांगितले, म्हणजे कुजबूज मुलांच्या कानी पडण्यापूर्वी थांबावी. देह शिवून, कपडे घालून नीट परत दिला होता. चेहऱ्यास काही झाले नव्हते. पेटी उघडी ठेविली, व बायांनी ते पाहिले. आमच्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला.

दोन महिन्यांनी मास्तरांनी एकच गोष्ट विचारली: "कोणाच्या उपयोगी पडले ना?" ज्यास अवयव मिळाले त्याचे नाव घरच्यांस सांगत नाहीत, ही चालू रीत आहे, परंतु यकृत व दोन्ही मूत्रपिंडे बसविली गेली, एवढे समन्वयकांकडून कळाले होते. तेवढे सांगितले. ते काही वेळाने म्हणाले, "रात्री मात्र घर खायला उठते." दान दिल्याने शोक कमी होतो, असे कोणी त्यांस सांगितले होते. आम्ही तसे कोणास सांगत नाही. मास्तरांकडे आम्ही अजून महिन्यातून एकदा जातो. पहिल्या वर्षी मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत रोज कोणी तरी जाऊन भाकरी करून देत असे.

यंत्रावर असलेल्यांचीच ही गोष्ट आहे असे नाही, हेही ओघाने सांगतो. घरी मरण पावलेल्या वृद्धाचे डोळे सहा तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, देता येतात. नेत्रपेढीस कळवावे, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, उशी देऊन डोके थोडे उंच ठेवावे. पेढीची माणसे घरी येतात, व काम अर्ध्या तासाच्या आत आटोपते. उपदेशकांनी जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

आता त्या मुक्या घराचे सांगावयाचे राहिले. मास्तरांच्या पत्नीस माती दिल्यावर आम्हांस झोप येईना. जे मास्तरांस कळले, ते त्या आईस तीन वर्षांत कोणी सांगितले नव्हते, आणि सांगावयाचे ते आम्हीच होतो. आम्ही वर्षभर टाळले, हेही कबूल करितो. मग एके दिवशी दुपारी गेलो. ती ओट्यावर तूर पाखडीत होती. नवरा गोठ्यापाशी दावे वळीत होता. आम्ही तिच्याजवळ खाली बसलो व म्हणालो, "बाई, त्या दिवशी बोटे हालली तेव्हा आम्ही जे बोललो ते चुकीचे होते. आम्हांस माहीत नव्हते, आणि माहीत नाही असे आम्ही म्हणालो नाही." मग बोटे का हालतात, कसोट्या कोणत्या, त्या दोनदा का करितात, हे सर्व सांगितले. मुंबईस नेऊनही काही झाले नसते, हे सांगितले. जमीन विकूनही नाही.

तिने सूप खाली ठेविले. बराच वेळ ती तुरीतले खडे निवडीत राहिली. मग विचारले, "म्हणजे आम्ही दवाखान्यातून निघालो त्याच्या आधीच तो गेला होता?"

"हो. आदल्या दिवशी सकाळीच."

"तुम्ही प्रार्थना केली तेव्हा?"

"तेव्हाही तो गेलेलाच होता."

ती आणखी थोडा वेळ बसली. मग गोठ्याकडे तोंड करून तिने हाक मारली, "अहो, इकडं या. पाळकसाहेब काय सांगतात ते ऐका."

तो दावे हातात तसेच घेऊन आला व ओट्याच्या कडेस, तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. आम्ही सर्व पुन्हा पहिल्यापासून सांगितले.